पारड्याखालचा पासंग

ज्याच्यामुळे तोल राहतो, त्याचेच नाव घेऊन माणसे एकमेकांना तुच्छ लेखतात; आणि ज्यांनी स्वतःला कधी तोलून पाहिलेले नसते, ते दुसऱ्याचे वजन ठरवायला सर्वांच्या पुढे असतात. जगातील अन्यायाचे मूळ लबाडीत आहे असे सर्रास मानले जाते. माझा अनुभव निराळा आहे. लबाड माणूस निदान तराजूवर नजर ठेवून असतो. खरा अनर्थ करतात ती प्रामाणिक, आळशी आणि स्वतःवर खूश असलेली माणसे. कारण आपला तराजू वाकडा असेल ही शंकाच त्यांच्या मनाला शिवत नाही.

मित्रांनो, मी एक जुना पासंग आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेले नसेल, पण माझे नाव ऐकले असेल, आणि तेही कोणाचा तरी पाणउतारा होत असताना. "तू त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीस," असे कोणीतरी कोणाला तरी सुनावतच असते. त्या सुनावणाऱ्याला विचारून पाहा की पासंग म्हणजे काय. तो डोके खाजवील. एका गृहस्थाने तर पासंग नावाचा कोणी पराक्रमी पुरुष होऊन गेला असे आपल्या नातवाला ठासून सांगितलेले मी या कानांनी ऐकले आहे. ठाऊक नसलेला शब्द माणसे इतक्या ऐटीत कशी वापरतात याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही.

म्हणून आधी अर्थ सांगतो. तराजूला एक आडवी दांडी असते. दांडीच्या दोन टोकांना साखळ्यांनी दोन पारडी टांगलेली असतात आणि मध्ये काटा असतो. पारडी रिकामी असताना दांडी सरळ राहावी, काटा ताठ उभा राहावा, अशी रीत. पण कोणत्याही दोन पारड्यांची घडण अगदी सारखी होत नाही. एकाचा पत्रा किंचित जाड निघतो, एकाच्या साखळीत जास्तीची कडी असते, आणि मग रिकामाच तराजू एका अंगाला झुकतो. हा झोक काढण्यासाठी हलक्या पारड्याला जो खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात, तो पासंग. गंमत अशी की त्या झोकालाही पासंगच म्हणतात. रोगाला आणि औषधाला एकच नाव! त्यामुळे "तुमच्या तराजूला पासंग आहे" हे वाक्य गिऱ्हाइकाने उच्चारले तर तो आरोप असतो आणि दुकानदाराने उच्चारले तर ती ग्वाही असते. आणि 'पासंगाला न पुरणे' म्हणजे एखाद्याच्या तोलाचे असणे तर दूरच, त्याच्या तराजूखाली लोंबणाऱ्या तुकड्याइतकेही वजन नसणे. जुन्या ग्रंथांत तुलेची स्तुती पुष्कळ आढळते. तुलेखालच्या तुकड्याला मात्र कोणी एक ओळही वाहिलेली नाही. नसो.

माझा जन्म एका बिजागरीच्या मोडण्यातून झाला. रंगांच्या भुकट्या विकणारे एक दुकान होते. भिंतीभर काचेच्या बरण्या, मध्ये लाकडी फळी, फळीमागे मालकाची बैठक, आणि सगळ्या वस्तूंवर कुठल्या ना कुठल्या रंगाची झाक. त्या दुकानाचे संस्थापक, ज्यांना पुढे घरात सगळे आजोबा म्हणू लागले, त्यांनी मागच्या दाराच्या मोडक्या बिजागरीचा तुकडा घेतला आणि कानस लावली. घासायचे, डाव्या पारड्याखाली मला टांगायचे, काट्याकडे पाहायचे, पुन्हा काढून घासायचे. बाकीच्या वस्तू घडवल्या जातात, मित्रांनो. मला कमी करत करत कामाचा केले गेले. कानशीचा एक हात जास्त बसता तर मी उकिरड्यावर गेलो असतो. शेवटी काटा ताठ उभा राहिला, आणि आजोबांनी मला एका चिंधीत गुंडाळून दोऱ्याने पारड्याखाली बांधले.

माझे शेजारी कसे होते तेही ऐका. उजव्या पारड्यात बसणारी ती वजने! पोटावर आपापला आकडा मिरवणारी, एकमेकांच्या डोक्यावर चढून बसणारी, आणि आपल्यामुळेच व्यापार चालतो या समजुतीत झोपी जाणारी. ती पितळी पारडी! कोणी घासूनपुसून ठेवले की दिवसभर छताचे प्रतिबिंब न्याहाळत बसत. या मंडळींना मी दिसतही नसे. मोठ्या मापात मी कोणालाच दिसत नाही. पोतेभर मालात माझ्याएवढा फरक पडला तर विकणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. पण चिमटीभर भुकटी तोलायची वेळ येते तेव्हा माझ्याएवढा फरक म्हणजे निम्मा फरक. लहान मापातच तराजूचे चारित्र्य कळते.

आजोबांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी दुकानाला एक नियम घालून दिला होता: आधी रिकामा तराजू. गिऱ्हाइकासमोर तो उचलायचा, गिऱ्हाइकाने काटा पाहून "सम आहे" म्हणायचे, आणि मगच वजनाला हात लावायचा.

"अहो, विश्वास आहे तुमच्यावर," एखादा घाईतला माणूस म्हणे. "टाका माल आणि मोकळं करा मला."

"माझ्यावर ठेवा हो विश्वास," आजोबा म्हणत, "पण हा तराजू माझा कोणी लागत नाही. बघा आणि बोला."

आजोबा गेले आणि त्यांचे चिरंजीव बैठकीवर आले. भला माणूस होता, यात वाद नाही. ज्याला कधी संशय येत नाही त्याला भले राहणे सोपे जाते. या मालकांना दोन अपत्ये होती. थोरल्या मुलाला सगळे दादा म्हणत, आणि मुलीला नाव असूनही ती जन्मभर धाकटीच राहिली. दादाचा हात मोठा चलाख. बोलता बोलता तो बरणीतून भुकटी ओती, दांडी हाताने थांबवी, पुडी बांधी आणि गिऱ्हाइकाला हसवून वाटेला लावी. त्याला रिकामा तराजू दाखवण्याचा कंटाळा होता. हळूहळू ती रीत मागे पडली. मालकांनी ती पडू दिली, कारण मुलाच्या बोलण्यावर गिऱ्हाईक खूश होते आणि गिऱ्हाइकापेक्षा बाप अधिक खूश होता.

धाकटीकडे कामे होती ती बरण्या धुण्याची, पारडी घासण्याची, पुड्यांचा दोरा कापून ठेवण्याची. तिला तराजूवर बसायचे होते. लपूनछपून नव्हे, ती तोंडावर मागत असे.

"बाबा, आज मी तोलते ना."

"तू? दादाच्या पासंगाला तरी पुरशील का?"

"पुरू कशी? हात लावू द्याल तर पुरेन ना! आणि पासंग दादाचा नाही, तराजूचा आहे. रोज मीच त्याच्यावरची भुकटी झटकते."

"जीभ मात्र बरोबर वजनाची आहे हो हिची," मालक म्हणत आणि दादाकडे पाहून हसत. दादाही हसे. मी खाली लोंबत ऐकत असे. ज्या माणसाने मला घडवले त्याच्या मुलाने माझे नाव असे वापरावे, आणि तेही माझ्याच डोक्यावर बसून! त्या घरात मला हात लावणारी ती एकटीच होती, आणि मी तिला पुरत नाही की ती मला पुरत नाही याचा निवाडा ते दोघे करत होते, ज्यांनी मला खाली वाकून एकदाही पाहिले नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गावात एक रंगारीण होती. कोपरापर्यंत हात कायमचे रंगलेले, आवाज जाड, सगळ्यांची मावशी. आजोबांच्या काळापासून ती या दुकानातून माल नेत असे. तिच्याकडे नाट्यगृहाच्या मोठ्या पडद्याचे काम आले. पडदा हिरवा, आणि तो अनेक पट्ट्यांचा मिळून शिवायचा. प्रत्येक पट्टी वेगळ्या घाण्यात रंगवायची, पण सगळ्यांचा हिरवा एकच हवा. त्यासाठी ती पिवळी भुकटी ढीगभर नेई आणि निळी फक्त चिमटीभर. तेवढ्या निळीवरच सगळा हिरवा उभा असे. निम्म्याहून अधिक पट्ट्या उत्तम उतरल्या होत्या.

एक दिवस नाट्यगृहाचे व्यवस्थापक स्वतः दुकान पाहायला येणार असे कळले. दादाची धांदल उडाली. त्याने बरण्या ओळीत लावल्या, फळीवर नवे कापड अंथरले, आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"हे काय लोंबतंय? चिंधीबिंधी! मोठ्या माणसांसमोर शोभतं का हे?"

त्याने कात्रीने माझा दोरा कापला. चिंधी केरात गेली. व्यवस्थापक दारात आलेच होते, आणि शेजारची खिडकी वाऱ्याने खडखडत होती. तेव्हा त्याने मला खिडकीच्या फटीत घातले आणि वजनाने दोन घाव घालून ठोकून बसवले. त्या वजनाला काय आनंद झाला असेल! अशा रीतीने दुकानाचा न्याय खिडकीची पाचर झाला. व्यवस्थापकांनी पारड्यांची चमक वाखाणली, एक जांभई दिली आणि ते गेले. त्यांनी तराजूकडे पाहिलेही नव्हते.

पुढे काय झाले असेल हे तुम्ही ओळखले असेल. माझ्यावाचून डावे पारडे हलके झाले. डाव्यात माल, उजव्यात वजन. काटा ताठ व्हायचा तर डाव्यात माझ्याएवढा माल अधिक पडायला हवा, आणि तो पडू लागला. गिऱ्हाइकांना थोडे जास्त मिळत होते, मालकांचे थोडे जास्त जात होते, आणि कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. रिकामा तराजू एकदा जरी उचलला असता तरी तो झुकलेला दिसला असता. पण रिकामा तराजू पाहणे हे आता गावंढळपणाचे लक्षण ठरले होते.

मग एका सकाळी मावशी आली. तिने फळीवर कापडाचे दोन तुकडे आपटले.

"हा आधीचा हिरवा. हा परवाचा. बघा डोळे उघडून."

दुसरा तुकडा गडद होता, तळ्याच्या खोल पाण्यासारखा. दादा म्हणाला, "मावशी, पाणी बदललं असेल तुमचं."

"विहीर तीच, पोहरा तोच, मीही तीच."

"मग ऊन कमी पडलं असेल. किंवा, रागावू नका हं, आता वय झालं, डोळे जरा तपासून घ्या."

"घेते की. पण आधी तुझा तराजू तपासते. रिकामा उचल."

"आता ते कोण करतं, मावशी?"

"तुझा आजोबा करायचा. उचल म्हणते ना!"

ती ओरडली तेव्हा तिचा आवाज फाटला. मग ती हळू बोलली. "गडद झालेलं कापड फिकं करता येत नाही रे. माझ्याकडे आता एकच तागा उरलाय. तो बिघडला की पडदा गेला, आणि पडद्याबरोबर मीही गेले. या गावात परत कोण देईल मला काम?"

दादाने तराजू उचलला. वजनाचे पारडे सावकाश खाली गेले आणि काटा तिरका झाला. मालक बैठकीवरून अर्धे उठले. मग सावरून म्हणाले, "म्हणजे जास्तच गेलं की तुला. कमी तर नाही ना दिलं? जास्त दिल्याची तक्रार आज पहिल्यांदा ऐकतोय."

"भाऊ, जेवणात मीठ जास्त पडलं की वाढणाऱ्याचे आभार मानता का तुम्ही?" मावशी म्हणाली.

खिडकीच्या फटीत चिरडलेल्या अवस्थेतही मला त्या बाईला नमस्कार करावासा वाटला. भल्या माणसांचा हा आवडता आसरा असतो, मित्रांनो. आम्ही जास्त दिले! जास्त लाड केले, जास्त कौतुक केले, जास्त रागावलो. कमी तर नाही ना केले? जणू तोल फक्त कमी देण्यानेच बिघडतो.

आता माझा शोध सुरू झाला. दादा खाली मान घालून म्हणाला, "तो चिंधीतला तुकडा मीच काढला. शोभत नव्हता. इथंच कुठंतरी ठेवला असेन." खण उपसले गेले, बरण्यांमागे हात फिरले. धाकटी हातातले फडके तसेच धरून कान देऊन उभी होती.

"खिडकी," ती म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस," मालक म्हणाले. "इथं काय चाललंय आणि तुझं काय!"

"बाबा, ते व्यवस्थापक येऊन गेल्यापासून खिडकी वाजत नाही. ती काय आपली आपण शहाणी झाली?"

तिने पक्कड आणून मला ओढून काढले. खिडकी लगेच खडखडली. एवढी गोड दाद मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. धाकटीने मला पुसले, नव्या दोऱ्याने पारड्याखाली बांधले आणि तराजू उचलला. मी काट्याकडे मोठ्या दिमाखाने पाहिले. आता कळेल सगळ्यांना, मी मनात म्हणालो.

काटा तिरकाच राहिला.

पूर्वीइतका नाही, पण तिरका. ठोकाठोकीत माझी एक कड उडून गेली होती. मित्रांनो, जो मी आयुष्यभर वजनांना हसलो, पारड्यांना हसलो, माणसांना तर विचारूच नका, तो मी भर दुकानात कमी पडलो. दादाला हसू आवरेना. "घ्या! ज्याच्यासाठी एवढा शोध घेतला, तो स्वतःच पुरत नाही!" आणि यावेळी त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते.

धाकटी मात्र हसली नाही. तिने मला सोडले नाही की फेकलेही नाही. पुड्या बांधण्याचा दोरा घेऊन ती माझ्याभोवती गाठी मारू लागली. एक गाठ मारायची, तराजू उचलायचा, काट्याकडे पाहायचे. एक गाठ जास्त झाली ती नखाने सोडवली, दोऱ्याचे टोक दातांनी तोडले, पुन्हा मारली. आजोबा माझ्यातले काढत होते, ही माझ्यात घालत होती; पण काट्याकडे पाहण्याची दोघांची नजर एकच होती. मालकांनाही ती ओळखू आली असावी, कारण ते उपसलेला खण तसाच सोडून जवळ आले.

काटा ताठ उभा राहिला. मावशीने फळीवर कोपर टेकून तो एका डोळ्याने पाहिला, दुसऱ्या डोळ्याने पाहिला.

"सम आहे," ती म्हणाली. किती काळाने ते शब्द त्या दुकानात उच्चारले गेले!

मालक बैठकीवर सरसावून बसू लागले. मावशीने हात आडवा धरला. "जिनं सम केला तिलाच तोलू द्या. तागा एकच आहे, भाऊ. माझा जीव टांगणीला आहे."

"अगं, पण ती दादाच्या..." मालक म्हणाले. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. त्यांची नजर पारड्याखाली गेली, माझ्याकडे, त्या गाठींकडे. तो शब्द त्यांनी गिळला. मग ते उठले, बैठकीवरचा रंग हाताने झटकला आणि म्हणाले, "बस."

दादाने निळी बरणी काढली. न सांगता तिचे झाकण पुसले आणि बहिणीसमोर ठेवली. "श्वास जरा धर," तो हळूच म्हणाला. "निळी फार उडते." त्या मुलाने मला चिरडले होते खरे, तरी हे वाक्य ऐकल्यावर त्याच्याविषयीचे माझे मत मला थोडे सैल करावे लागले. थोडेच. धाकटीने चमच्याच्या दांडीला बोटाने टिचक्या मारत भुकटी पाडली. टिचकी, थांबणे, टिचकी. दुकानात खिडकीशिवाय कोणी आवाज करत नव्हते.

मावशी ती पुडी पदरात धरून गेली, आणि कापड वाळेपर्यंत त्या घरातले प्रत्येक जण काही ना काही निमित्ताने दारात डोकावून जाई. मग ती आली. तिने जुना आणि नवा असे दोन तुकडे उंबऱ्याजवळ उजेडात ठेवले. मालकांनी ते उचलले, उलटले, पालटले, आणि मग विचारले, "यातला जुना कोणता?"

मावशीने वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. "अहो भाऊ, अदलाबदल केलीत ना! आता मलाही सांगता येईना," ती म्हणाली, आणि फळीवर डोके टेकून हसता हसता रडली.

पडदा शिवला गेला. धाकटी त्या दिवसापासून तराजूवर बसली आणि दादा दारात उभा राहून गिऱ्हाइकांशी बोलू लागला. ज्याचे वजन जिथे, तिथे. मालकांनी कोणाची क्षमा मागितली नाही. मात्र ते वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकू आले नाही. खिडकी अजून खडखडते, आणि ती कोणीही दुरुस्त करत नाही.

आता फळीवर विजेचा काटा आला आहे. त्याला पारडे एकच, लाज मात्र एकही नाही. दिवसभर आकडे चमकवत बसतो. मी जुन्या तराजूसह भिंतीवरच्या खुंटीला आहे. अंगावर निळी भुकटी साचली आहे, काही गाठी सुटत आल्या आहेत. तरी धाकटी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तो रिकामा काटा दाखवते आणि शून्य पाहून घ्यायला सांगते. लोक कंटाळतात. ती थांबते.

मित्रांनो, तुम्ही घरात, वर्गात, मैदानावर एकमेकांना तोलणारच; त्याखेरीज माणसांना करमत नाही. तोला. पण आधी तुमचा तराजू रिकामा उचलून पाहा, आणि पाहताना शेजारी कोणाला तरी उभे करा. जुन्या, कळकट, लोंबत्या वस्तू फेकण्यापूर्वी त्या काय धरून आहेत ते विचारा. आणि तुमच्या तराजूत कोणी कमी पडलेला दिसला, तर त्याच्या नावाने हसण्याआधी दोऱ्याची एक गाठ मारून बघा. मी एवढा तिखट बोललो, पण आजही उभा आहे तो त्या गाठींवर.

धाकटीचा हात स्थिर राहो. दादाच्या बोलण्याला ओळखीची माणसे मिळत राहोत. मालकांना सुखाची झोप लागो. मावशीचा हिरवा दिव्यांसमोर कधी फिका न पडो. आणि ज्या ज्या लेकराला कोणी माझ्या नावाने हिणवले असेल, त्याच्यासमोर एकदा तरी कोणी रिकामा तराजू उचलो, आणि काटा पाहून हळूच म्हणो, सम आहे.